हिरवा किरण आणि तांब्याचा ठोकळा

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही संपाविषयी, बोनसाविषयी, फार तर कामगार कायद्याविषयी बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली पंचवीस-तीस वर्षे आमचा व्यवसायच तो आहे. परंतु आज जो इतिहास आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत तो राजांचा नाही, पुढाऱ्यांचा नाही आणि चळवळीचाही नाही. तो एका विजेरीएवढ्या वस्तूचा आहे. हिरव्या प्रकाशाचा प्रखर लेसर किरण मुठीत धरता यावा, म्हणून अमेरिकेत व युरोपात काही हौशी माणसांनी आपल्या घरच्या टेबलावर जी खटपट केली, तिचा हा इतिहास आहे.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हेत. आमची शाळा नववीत सुटली आणि पुढचे शिक्षण लेथसमोर उभे राहून व रात्री ग्रंथालयात बसून झाले. तरीही या विषयाकडे आमचे लक्ष गेले त्याला कारण आहे. या हौशी मंडळींनी काढलेली रेखाचित्रे आम्ही प्रथम पाहिली तेव्हा आमच्या ध्यानात आले की, त्यांतले निम्मेअधिक काम टर्नरचे आहे. तांब्याची सळई चकात धरायची, बाहेरचा व्यास नळीत घट्ट बसेल असा कातायचा, मध्ये आरपार भोक पाडायचे, त्याला आटे पाडायचे. हे सारे कशासाठी? तर प्रकाशासाठी नव्हे, उष्णतेसाठी. तेव्हा आम्ही कुतूहलाने मागे मागे जाऊन वाचू लागलो, आणि आम्हांस असे दिसून आले की लेसर डायोडाचा सगळा इतिहास हा वस्तुतः एकाच प्रश्नाचा इतिहास आहे: ही उष्णता न्यायची कुठे? त्याच्याच पाठोपाठ दुसरा एक प्रश्न येतो. त्याच्याकडे मात्र पुष्कळांचे दुर्लक्ष होते. त्याकडे आम्ही शेवटी वळू.

लेसरचे तत्त्व १९१७ साली आइन्स्टाइनने मांडले. उत्तेजित अणूवर योग्य त्या रंगाचा प्रकाश पडला, तर तो अणू त्याच रंगाचा, त्याच दिशेचा प्रकाश बाहेर टाकतो, असे त्याचे सार. एक गडी हाक देतो आणि बाकीचे त्याच्या तालावर दोर ओढतात, तसे हे आहे. साध्या दिव्यातले अणू बाजारातल्या गर्दीसारखे ज्याच्या त्याच्या मनाने वागतात. लेसरमधले अणू तालावर चालतात. हे तत्त्व कागदावरून यंत्रात उतरायला त्रेचाळीस वर्षे लागली. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मायमन यांनी माणकाच्या कांडीतून तांबडा लेसर किरण काढून दाखविला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६२ साली, अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट हॉल यांनी अर्धवाहकाच्या लहानशा तुकड्यातून लेसर मिळविला. किरण डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त होता. या तुकड्याच्या दोन बाजू एकमेकींना समांतर आणि आरशासारख्या गुळगुळीत असाव्या लागतात. हॉल यांना लहानपणापासून घरी दुर्बिणी बनविण्याचा छंद होता. काच घासण्याची ती सवय या कामी उपयोगी पडली. म्हणजे ज्या वस्तूने पुढे हौशी माणसांना वेड लावले, तिच्या जन्मालाही एका हौशी माणसाचाच हात लागला होता!

त्याच वर्षी त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत निक होलोन्याक यांनी दिसणाऱ्या तांबड्या रंगाचा डायोड लेसर तयार केला. या गृहस्थांविषयी आम्हांस विशेष आपुलकी वाटते. ते कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या एका स्थलांतरित मजुराचे चिरंजीव. तरुणपणी ते रेल्वेत कामाला होते. एकदा सलग तीस तास काम करावे लागले, तेव्हा त्यांनी मनाशी ठरविले की हे आयुष्य आपले नव्हे, आपण शिकायचे. तीस तासांची पाळी म्हणजे काय, हे या सभागृहात ज्यांनी दोन पाळ्या जोडून केल्या आहेत त्यांना आम्ही सांगायला नको. एक होलोन्याक त्या पाळीतून बाहेर पडला. किती जण तिच्यातच राहिले, याचा हिशेब कोणत्याही इतिहासात नाही.

हॉल यांचा डायोड चालत असे तो द्रवरूप नायट्रोजनात, म्हणजे शून्याखाली १९६ अंश तापमानाला बुडवून, आणि तोही क्षणभर झटके देऊन. बाहेर काढून सलग चालवावा तर तो स्वतःच्या उष्णतेनेच निकामी होई. कारण साधे आहे. डायोड जितका तापतो तितका त्याला प्रकाश देण्यासाठी जास्त विद्युतप्रवाह लागतो. प्रवाह वाढविला की तो आणखी तापतो. कर्ज फेडण्यासाठी कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्यासारखी त्याची गत होते. या चक्रातून वाट निघाली ती १९७० साली. लेनिनग्राडमध्ये झोरेस अल्फेरॉव्ह आणि त्यांचे सहकारी, व अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत हायाशी व पॅनिश, यांनी निरनिराळ्या अर्धवाहकांचे पातळ थर एकावर एक चढवून असा डायोड केला की तो खोलीच्या तापमानाला सलग चालू लागला. थरांच्या रचनेमुळे थोड्या प्रवाहात काम भागू लागले, म्हणून उष्णताही कमी झाली. पुढे तबकड्या वाजविणारी यंत्रे, छपाईची यंत्रे, तारेऐवजी काचेच्या धाग्यांतून जाणारे टेलिफोन, हे सारे त्या थरांवर उभे राहिले. अल्फेरॉव्ह यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता रंगाकडे वळू. अवरक्त आणि तांबडा हे रंग डायोडातून मिळाले. हिरवा काही केल्या मिळेना. माणसाच्या डोळ्याला दिवसा सर्वांत जास्त जाणवणारा रंग तो हाच, हिरव्या-पिवळ्याच्या सीमेवरचा. म्हणून बाजाराने आडमार्ग शोधला. अवरक्त डायोडाने एका स्फटिकाला चेतवायचे, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा दुसरा अवरक्त किरण काढायचा, तो आणखी एका स्फटिकातून नेऊन त्याची तरंगलांबी निम्मी करायची, की ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण हाती येतो. तरंगलांबी अशी निम्मी होते हे १९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले होते. त्यांचा निबंध छापताना एक गंमत झाली. छायाचित्रातला जो बारीक ठिपका म्हणजेच त्यांचा शोध, तो छापखान्याकडे जाताना डाग समजून पुसला गेला! धुळीत आणि शोधात फरक करायला जाणती नजर लागते, ही गोष्ट आम्हां कारखान्यातल्या लोकांना चांगली ठाऊक आहे.

या आडमार्गाच्या हिरव्या लेसरमध्येही उष्णतेने छळ मांडलाच. चेतविणाऱ्या डायोडाचा रंग तापमानाच्या दर अंशागणिक सुमारे पाव ते तिसरा हिस्सा नॅनोमीटर सरकतो, आणि स्फटिक तर ठराविकच रंग गिळतो. त्यामुळे थंडीत किरण मंदावे, हातात धरून ऊब आली की उजळे, आणि अति तापला की पुन्हा विझू लागे. शिवाय स्वस्त बनावटीत उरलेला अवरक्त प्रकाश अडविणारी गाळणी घालतच नसत. अमेरिकेच्या प्रमाणमापन संस्थेने २०१० साली असा एक दहा मिलिवॅटचा म्हणून विकलेला दर्शक तपासला, तेव्हा त्यातून सुमारे वीस मिलिवॅट अदृश्य अवरक्त बाहेर पडताना आढळले. डोळा ज्याला पाहू शकत नाही, त्यापासून स्वतःला मिटूही शकत नाही.

डायोडातून सरळ हिरवा प्रकाश मिळण्याची वाट जपानातून आली. शिकोकू बेटावर अनान नावाच्या गावी निचिया नावाची तेव्हा लहानशी असलेली कंपनी. तिथे शूजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइड या पदार्थावर काम आरंभिले. आपली भट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा मोडली, जोडली, तिचे जोडकामही स्वतःच केले. १९९३ साली प्रखर निळा दिवा झाला, आणि १९९६ च्या आरंभी निळ्या-जांभळ्या लेसर डायोडाची वार्ता जगापुढे आली. या शोधाबद्दल कंपनीने त्यांना दिलेले बक्षीस होते वीस हजार येन. प्रकरण न्यायालयात गेले. २००४ साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने वीस अब्ज येन देण्याचा निकाल दिला. २००५ साली सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. २०१४ साली नाकामुरा यांना आकासाकी व अमानो यांच्यासह नोबेल मिळाले. कामाच्या मोलाचा झगडा केवळ गिरणीच्या फाटकावरच होतो असे नाही, एवढेच आम्ही येथे नमूद करतो.

निळ्यातून हिरव्याकडे जायचे तर त्या थरांत इंडियम वाढवावे लागते, आणि इंडियम वाढले की थर नीट बसत नाहीत, ताण येतो, दोष शिरतात. ज्या थरात दोष तिथे विजेचा प्रकाश होण्याऐवजी उष्णता होते. पुन्हा तोच प्रश्न! २००९ साली जपानच्या निचिया व सुमितोमो इलेक्ट्रिक आणि जर्मनीची ऑसराम या कंपन्या जवळजवळ एकाच सुमारास ही दरी ओलांडून हिरव्यापर्यंत पोहोचल्या. पुढील पाचसहा वर्षांत एक वॅट हिरवा प्रकाश देणारे, करंगळीच्या नखाएवढे डायोड मिळू लागले. ते बनविले होते प्रोजेक्टरांसाठी.

येथे आमचे हौशी लोक रंगमंचावर येतात. त्यांची परंपरा जुनी आहे. सप्टेंबर १९६४ मध्येच 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील सी. एल. स्टाँग यांच्या हौशी शास्त्रज्ञांसाठीच्या सदरात घरी हीलियम-निऑन लेसर कसा बनवावा याची हकीकत छापून आली होती. त्यासाठी काच फुंकता यावी लागे, निर्वात पंप लागे. या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र रस्ता सोपा झाला. मोडक्या डीव्हीडी-लेखक यंत्रातून तांबडा डायोड काढायचा आणि विजेरीत बसवायचा. २०१० साली कॅसिओ कंपनीच्या प्रोजेक्टरात निळ्या डायोडांची रांग असते आणि एकेक डायोड वॅटभर प्रकाश देतो हे समजताच, या मंडळींनी अख्खे प्रोजेक्टर विकत घेऊन ते फोडले आणि आतले चोवीस चोवीस डायोड आपसांत वाटून घेतले. आमच्याकडे जुन्या बाजारात भंगारातून जो माल निवडतात, त्यांचे हे विलायती भाऊबंद! पुढे हिरवा डायोडही याच वाटेने त्यांच्या टेबलावर आला.

आता प्रत्यक्ष कामाकडे पाहू. एक वॅट हिरवा प्रकाश देणाऱ्या डायोडाला साधारण दीड अँपिअर प्रवाह आणि पावणेपाच व्होल्ट दाब लागतो. म्हणजे सात वॅट वीज आत जाते. एक वॅट प्रकाश होऊन पुढे निघून जातो. उरलेले सहा वॅट उष्णता होऊन मागे राहतात. सातांपैकी सहा! टाळ्या मिळतात त्या पुढच्या एकाला. आणि ही उष्णता निर्माण होते तांदळाच्या कणीहून लहान तुकड्यात. तिला ताबडतोब वाट करून दिली नाही तर प्रथम प्रकाश घटतो, मग डायोडाचे आयुष्य घटते, आणि शेवटी तो एक महागडा खडा उरतो.

म्हणून हौशी माणूस डायोड प्रथम तांब्याच्या लहान नळकांड्यात दाबून बसवितो. दाब सरळ यावा लागतो. तिरपा आला की डायोड गेलाच. ते नळकांडे मोठ्या ठोकळ्यात घट्ट बसवितो, मधल्या फटीत उष्णतावाहक लेप लावतो, कारण हवेचा पापुद्रासुद्धा उष्णतेला गोधडीसारखा अडवितो. ठोकळा कशाचा? पितळ कातायला गोड, पण उष्णता वाहून नेण्यात ते तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेही नाही. ॲल्युमिनियम हलके व स्वस्त, परंतु तेही तांब्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. वजनास वजन धरले तर ॲल्युमिनियम अधिक उष्णता साठविते हे खरे. पण विजेरीच्या नळीत जागा मोजकी, आणि तेवढ्याच जागेत तांबे सुमारे दीडपट उष्णता साठविते. म्हणून तांबे.

थोडा हिशेब करू. सहा वॅट उष्णता मिनिटभर वाहिली तर ३६० ज्यूल झाली. शंभर ग्रॅम तांब्याचे तापमान एका अंशाने वाढायला साडेअडतीस ज्यूल लागतात. म्हणजे मिनिटाला सुमारे नऊ अंश. पाच मिनिटे सलग चालविला आणि उष्णता बाहेर गेलीच नाही, तर ठोकळा पंचेचाळीस अंशांनी तापेल. आपल्याकडच्या वैशाखात तो हाताला चटका देईल. मुठीतल्या वस्तूला पंखा नाही, वाहते पाणी नाही. आहे ती फक्त आसपासची हवा आणि धरणाऱ्याचा तळहात. काहींनी पेल्टिए पट्टी लावून पाहिली. वीज वाहू लागली की तिची एक बाजू गार व दुसरी गरम होते, आणि हा गुण १८३४ पासून ठाऊक आहे. परंतु ती उष्णता नाहीशी करीत नाही, इकडची तिकडे नेते, आणि त्यासाठी स्वतःची आणखी उष्णता भर घालते. मुठीएवढ्या जागेत ते परवडत नाही. म्हणून अनुभवाने त्यांनी साधा नियम ठरविला: मिनिट-दोन मिनिटे चालवावा, तितकाच वेळ किंवा अधिक विसावा द्यावा. यंत्रालासुद्धा विश्रांतीचा हक्क आहे, हे मालकांना पटवायला आम्हांला कधी श्रम पडले नाहीत. माणसाच्या बाबतीत मात्र करार करावे लागले.

या मंडळींची शिस्तही पाहण्याजोगी आहे. प्रवाह नियंत्रित करणारे मंडल ते एकदम डायोडाला जोडत नाहीत. आधी साध्या डायोडांची रांग आणि एक ओहमचा रोधक लावून ठरलेलाच प्रवाह येतो की नाही ते मोजतात. बोटातल्या स्थितिक विजेनेही डायोड मरतो म्हणून मनगटाला भूतार लावतात. प्रकाश किती आला ते मापकावर पाहतात आणि मिनिटागणिक त्याचा आलेख काढतात. आलेख आडवा राहिला तर शीतन चांगले. खाली कलला तर ठोकळा पुन्हा लेथवर. कोणी पदवी विचारीत नाही. मापन काय आले ते विचारतात. स्वतः शिकलेल्या माणसाला हा न्याय फार मानवतो.

बंधुभगिनींनो, इथपर्यंत आम्ही या लोकांची स्तुतीच केली, आणि ती मनापासून केली. परंतु आता दुसरा प्रश्न. उष्णता कुठे जाते हे त्यांनी शोधले. किरण कुठे जातो?

आम्ही तरुण असताना ज्या कारखान्यात होतो तिथे ग्राइंडरवर आठ माणसे आणि चष्मा एक अशी व्यवस्था होती. आमच्या शेजारी उभा राहणाऱ्या गड्याच्या डोळ्यात ठिणगीचा कण गेला. तो डोळा परत आला नाही. चौकशीत त्याच्यावरच ठपका आला, की चष्मा घालायला हवा होता. ज्या आठवड्यात त्याची पाळी नव्हती त्या आठवड्यात! आम्ही युनियनची पहिली मागणी लिहिली ती पगारवाढीची नव्हे, चष्म्यांची. तेव्हापासून कोणत्याही यंत्रापुढे उभे राहिलो की आम्ही प्रथम हे पाहतो की त्याचा घाव कोणाच्या डोळ्यावर येणार आहे.

लेसर दर्शकाला अमेरिकेत पाच मिलिवॅटची मर्यादा आहे. एक वॅट म्हणजे त्याच्या दोनशे पट. पाचशे मिलिवॅटच्या वरचा लेसर चौथ्या, सर्वांत धोक्याच्या वर्गात मोडतो. आपल्या डोळ्यातले भिंग समांतर किरणाला पडद्यावर सुईच्या टोकाहून लहान बिंदूत आणते. बाहुलीवर पडलेल्या प्रकाशाची तीव्रता पडद्यावर लाखभर पट होते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. एवढ्या वेळात जे व्हायचे ते होऊन जाते, आणि जळलेला दृष्टिपटल पुन्हा उगवत नाही. समोरच्या भिंतीवरचा ठिपका जवळून पाहणेही सुरक्षित नाही. त्या रंगासाठीच बनविलेला, किरण दहा हजारांश करणारा चष्मा एक वॅटचा दशांश मिलिवॅट करतो. उन्हाचा काळा चष्मा उलट बाहुली रुंद करतो आणि किरण पुरेसा अडवीत नाही. जाणते हौशी लोक नवख्याला पहिला प्रश्न विचारतात तो हाच: चष्मा घेतला काय? डायोडाच्या आधी चष्मा. हा त्यांचा अलिखित करार आम्हांस आमच्या पहिल्या मागणीची आठवण करून देतो.

पण चष्मा धरणाऱ्याच्या डोळ्यावर असतो, वाटसरूच्या नसतो. येथेच शीतनाच्या यशाला दुसरी बाजू आहे. न थंडावणारा लेसर काही क्षणांत स्वतःच मंदावत असे. तांब्याच्या ठोकळ्याने ती नैसर्गिक मर्यादा दूर सारली. अमेरिकेत विमानावर लेसर रोखणे हा २०१२ पासून संघराज्याचा गुन्हा आहे, तरीही २०२३ साली वैमानिकांकडून अशा १३,३०४ तक्रारी आल्या. २०१३ साली त्या देशाच्या प्रमाणमापन संस्थेने १२२ दर्शक तपासले, त्यांतील हिरव्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास नियमबाह्य निघाले. म्हणजे खोट्या चिठ्ठीचा व्यापार हौशी माणसाच्या प्रामाणिक मापनापेक्षा कितीतरी मोठा आहे. आपल्याकडेही गणपतीच्या मिरवणुकांत लेसरचे झोत सोडण्याची चाल पडली, आणि डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्यावर काही शहरांत पोलिसांना बंदीचे हुकूम काढावे लागले. ते झोत हौशी कारागिरांचे नव्हते, भाड्याच्या यंत्रांतले होते. पण डोळ्याला तो फरक कळत नाही.

बारामतीस जन्मलेल्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या कुमार पटेल यांनी १९६४ साली बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा लेसर सिद्ध केला. त्या जातीच्या लेसरने कारखान्यांत पत्रे कापले जातात. तो किरण पेटीत बंद असतो. दार उघडले की यंत्र थांबते. मुठीतल्या लेसरला अशी पेटी नाही. त्याची पेटी म्हणजे धरणाऱ्याची बुद्धी, आणि तिला कुलूप लावणे कोणत्याही सरकारला पूर्णपणे साधणार नाही.

तेव्हा या छंदावर सरसकट बंदी घाला असे आम्ही म्हणणार नाही. हातांनी शिकणाऱ्या माणसाची वाट बंद करणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही कसे बसावे? हॉल यांचा छंद कोणी बंद केला असता तर पहिल्या डायोडाच्या कडा कोणी घासल्या असत्या? आमचे म्हणणे एवढेच, की जो सहा वॅट उष्णतेचा पै-पैचा हिशेब ठेवतो, त्याने पुढे गेलेल्या एका वॅटचाही हिशेब ठेवावा. किरण सुटण्यापूर्वी तो कोणत्या भिंतीवर संपणार हे ठरलेले असावे. चष्मा खोलीतल्या प्रत्येकाला असावा, एकट्याला नव्हे. आणि आकाश व रस्ता ही आपली प्रयोगशाळा नाही हे ध्यानात असावे.

आमचा तो शेजारी अजून आहे. मध्यंतरी त्याच्याकडे गेलो असता त्याच्या नातवाने खेळण्यातला हिरवा दर्शक काढून भिंतीवर नाचविला. म्हाताऱ्याने आपला उरलेला डोळा हाताने झाकला आणि नातवाला जवळ घेऊन शांतपणे म्हटले, "बाळा, आधी मला सांग, हा कुठं जाऊन थांबतो?" आम्ही दोन वर्षे वाचून जो प्रश्न शोधला, तो त्याने एका वाक्यात विचारला. तोच आज आम्ही आपल्या स्वाधीन करतो आणि आपली रजा घेतो.